पोट बांधलं, पुढे काय?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

पंचवीसहून अधिक वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. गुडघे, कंबर, मान, खांदे हे माझे रोजचे विषय. आज ज्या तक्रारीबद्दल बोलायचं आहे, तेवढीच घेऊन मात्र माझ्याकडे फार थोड्या बायका येतात. येतात त्या कंबर दुखते म्हणून. तपासून होतं, व्यायाम सांगून होतात, आणि मग निघताना दाराशी थबकून हळूच विचारतात, "मॅडम, हे पोट असंच राहणार का हो?"

आधी एका बाईची हकिगत सांगते. नाव सांगत नाही. पाच घरची धुणीभांडी करणारी, वय अठ्ठावीस, धाकटं मूल सात महिन्यांचं. तिच्या कामाच्या एका घरी आजींना व्यायाम शिकवायला मी जात असे, तिथली आमची ओळख. एके दिवशी ती हसत हसत म्हणाली, "ताई, बसमध्ये एका पोराने उठून मला जागा दिली. म्हणाला, तुम्ही बसा, तुम्हाला उभं राहायला नको. पोटाकडे बघून म्हणाला. मी बसले. पाय दुखत होते, कशाला नाही म्हणू?" आम्ही दोघीही हसलो. मग भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "सासूपण विचारते, परत राहिलं का म्हणून. महिनाभर रोज बघतेय माझ्याकडे." या वेळी ती हसत नव्हती.

तिला दिवस गेलेले नव्हते. ती जाडही नव्हती, हातपाय काटकुळेच होते. फक्त पोट पुढे आलेलं. आपल्याकडे याला सरसकट 'पोट सुटलं' म्हणतात आणि विषय संपवतात. पण पोट सुटण्याचे दोन प्रकार असतात. एक चरबी वाढून सुटलेलं, ते आपल्याला ठाऊक असतं. दुसरा प्रकार म्हणजे पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून लांब जाऊन पोटाचा पुढचा आधारच ढिला पडलेला. वैद्यकीय भाषेत याला 'डायस्टॅसिस रेक्टाय' म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी बिघडत नाही, डॉक्टरांशी बोलताना कामाला येईल एवढंच.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून तुमचाच हात वापरू. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक शोधा. तिथून बोट सरळ खाली, बेंबीवरून, ओटीपोटाच्या खालच्या हाडापर्यंत न्या. ही जी रेघ तुम्ही काढलीत, तिच्या डावी-उजवीकडे दोन उभे, पट्ट्यासारखे स्नायू आहेत. सिनेमातल्या नटांच्या पोटावर वड्या पाडल्यासारखे दिसतात ना, तेच हे. आणि त्या दोघांच्या मधोमध, तुमच्या बोटाखाली, पांढऱ्या चिवट तंतूंची एक पट्टी आहे. ती स्नायू नव्हे. पोटाच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या स्नायूंचे पापुद्रे तिथे येऊन एकमेकांत विणले जातात. म्हणजे पोटाची मधली शिवणच म्हणा.

गर्भ वाढतो तशी जागा लागते. बरगड्या थोड्या फाकतात, कमरेचा बाक वाढतो, आणि पुढे ही शिवण ताणली जाते. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे शरीरातले तंतू मऊ पडलेले असतातच, त्यामुळे ती ताणायला तयारही असते. एक गोष्ट मात्र मी प्रत्येक बाईला ठासून सांगते. ही शिवण उसवत नाही. 'स्नायू फाटले' असं कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. इलॅस्टिक पुष्कळ दिवस ताणून ठेवलं तर तुटत नाही, रुंद आणि पातळ होतं, तसंच हे. आणि सिझेरियन झालं म्हणून असं झालं, हाही गैरसमज. सिझेरियनमध्ये हे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायकांनाही हा त्रास तितक्याच सहजपणे होतो, कारण शिवण ताणली गेलेली असते ती नऊ महिन्यांत, बाळंतपणाच्या टेबलावर नाही.

किती जणींना होतं? पोर्तुगालमध्ये चौऱ्याऐंशी बायकांची सोनोग्राफीने मोजमापं घेतली होती. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पस्तिसाव्या आठवड्यात त्या सगळ्यांच्या सगळ्या बायकांचे स्नायू लांब गेलेले होते. शंभर टक्के. म्हणजे गरोदरपणाच्या शेवटी हे होणं हा आजार नाहीच, ती सोय आहे. प्रश्न आहे तो नंतर परत किती जवळ येतात हा. नॉर्वेमध्ये पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, त्याचे आकडे २०१६ साली आले. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी शंभरातल्या साठ जणींमध्ये फट होती, सहा महिन्यांनी पंचेचाळीस जणींमध्ये, आणि वर्षाने तेहेतीस. वर्ष झालं तरी दर तिघींतली एक. हे नॉर्वेचं, जिथे बाळंतिणीला सवड मिळते. आपल्याकडचे आकडे मी सांगत नाही, पण माझ्या टेबलावर झोपणाऱ्या बायकांची पोटं मला माहीत आहेत.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगायला मला अजूनही संकोच वाटतो. माझी मुलगी २००४ साली झाली. मी तेव्हा शिकलेली-सवरलेली, दवाखाना चालवणारी फिजिओथेरपिस्ट. तीन महिने झाले आणि मी चटईवर आडवी झाले. पाय वाकवून, हात डोक्यामागे, उठा-बसा, रोज पन्नास. जुने कपडे परत बसायला हवे होते, दुसरं काही कारण नव्हतं. पंधरा दिवसांनी नवऱ्याने विचारलं, "तू उठतेस तेव्हा हे मधे काय वर येतं?" बेंबीच्या वर, थेट बरगड्यांपर्यंत, उलट्या घातलेल्या होडीसारखा उंचवटा उठत होता. मी तो रोज पाहत होते आणि बघत नव्हते. दुसऱ्या कुणा बाईच्या पोटावर असता तर एका क्षणात ओळखला असता. मी पन्नासाचे साठ करायच्या बेतात होते.

हा उंचवटा ओळखीची खूण आहे. त्याला घरच्या घरी तपासता येतं, पण बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे जाऊ द्यात, त्याआधी सगळ्यांचंच पोट सैल असतं आणि उगाच धसका बसतो. उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं टेकवा. एका हाताची बोटं बेंबीच्या जरा वर, आडवी ठेवा, टोकं खाली दाबून. आता डोकं आणि खांदे किंचित उचला, हनुवटी छातीकडे. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांवर येऊन आवळतील. मधे किती बोटं मावतात ते पाहा. मग बेंबीपाशी आणि बेंबीखालीही तसंच पाहा. दोन बोटांहून कमी असेल तर बहुधा काळजी नाही. दोन किंवा त्याहून जास्त असेल, तर कुणा जाणकाराला दाखवून घ्या.

मात्र बोटं मोजण्याचं वेड लावून घेऊ नका. काही जणी रोज सकाळी मोजतात, जणू सोन्याचा भाव बघतायत. फट थोडी सगळ्यांनाच असते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी मूल न झालेल्या दीडशे बायकांना मोजलं होतं, २००९ साली. त्यांच्यातही बेंबीच्या वर बावीस मिलिमीटरपर्यंतचं अंतर नेहमीचंच मानावं, असं निघालं. रुंदीपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बोटाखाली काय लागतं ते. तळ घट्ट, ढोलकीच्या कातड्यासारखा लागत असेल तर तीन बोटांची फट असूनही ती बाई झकास काम करते. आणि बोट लोण्यात गेल्यासारखं खोल जात असेल, तर दोन बोटांच्या फटीनेही ती थकते.

आता आपल्या परंपरेकडे. महाराष्ट्रात बाळंतिणीचं पोट बांधतात. माझ्या आजीच्या काळात जुन्या नऊवारीची पट्टी असे, आईने मला मऊ धोतराच्या फडक्याने बांधलं, आता मेडिकलच्या दुकानात चिकटपट्टीचा पट्टा मिळतो. सगळ्यांचा हेतू एकच, पोट 'आत जावं'. मी या प्रथेच्या विरोधात नाही. पहिले काही आठवडे आधार मिळाला की बाईला उठता-बसताना बरं वाटतं. सिझेरियनच्या टाक्यांवर खोकताना तर हा आधार देवासारखा वाटतो. पण पट्टा आधार देतो, स्नायूंचं काम करत नाही. तो स्नायूंना जोडत नाही. सोडला की पोट जिथे होतं तिथेच. आणि करकचून बांधला, श्वास पुरेना इतका, तर पोटातला दाब जाणार कुठे? खाली. गर्भाशय, मूत्राशय ज्या स्नायूंच्या झोळीवर टेकलेले असतात ती झोळी आधीच बाळंतपणाने दमलेली असते, तिच्यावर हा दाब पडतो. खोकलं की लघवीचे थेंब जातात, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना मी पहिला प्रश्न विचारते, पट्टा किती घट्ट बांधता? मालिशवाल्या मावशींना माझं सांगणं असतं, हातापायांना, पाठीला खुशाल तेल जिरवा. सिझेरियनची जखम भरेपर्यंत पोटाला मात्र हात लावू नका.

दुसरी एक प्रथा मला मान्य नाही आणि ते मी स्पष्ट सांगते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, का तर पोट सुटेल. पाण्याने पोट सुटत नाही. पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो, बाई कुंथते, आणि त्या ताणलेल्या शिवणीवर दिवसातला सर्वात मोठा दाब तेव्हाच येतो. डिंकाचे लाडू द्या, अळिवाची खीर द्या, पण तांब्याभर पाणीही शेजारी ठेवा.

आता उठण्याबद्दल. हा एकच बदल तुम्ही केलात तरी माझं आजचं बोलणं वाया गेलं नाही असं मी समजेन. अंथरुणावरून उताण्याचं सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, आणि हाताने रेटा देत उठा. बाळ रात्री पाच वेळा रडतं, म्हणजे पाच वेळा उठणं आलं. प्रत्येक वेळी सरळ उठलात तर माझ्यासारख्या उठा-बसा तुम्ही न कळत काढताच आहात. गरोदरपणातही, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हीच सवय लावा.

व्यायामाची सुरुवात श्वासापासून होते. ऐकायला फार साधं वाटतं आणि म्हणूनच बायका ते सोडून देतात. उताणं झोपून गुडघे वाकवा, हात ओटीपोटावर. नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या. मग तोंडाने हळूहळू सोडताना, लघवी अडवताना आवळतो तसे खालचे स्नायू वर ओढा, आणि त्याच वेळी ओटीपोट अलगद आत घ्या, परकराची नाडी आवळताना आपोआप घेतो तेवढंच. श्वास रोखू नका. पाच अंक मोजा, सोडा. आठ-दहा वेळा. पोटाच्या सगळ्यात आतल्या थरात एक आडवा स्नायू कमरपट्ट्यासारखा वेढून असतो, तो यात कामाला लागतो. मेडिकलमध्ये विकत मिळतो त्याहून चांगला पट्टा हाच. नैसर्गिक बाळंतपण सुरळीत झालं असेल तर हे काही दिवसांतच सुरू करता येतं, सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून. (आणि हो, खरोखर लघवी करताना मधेच अडवून हा सराव करायचा नाही.)

हे जमलं की त्याच श्वासावर एकेक पाऊल जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा. मग एकेक गुडघा उचलायचा. मग कंबर उचलायची, पुलासारखी. पुढे हातागुडघ्यांवर येऊन एक हात पुढे. मग उभं राहून वजन. प्रत्येक पायरीवर एकच तपासणी करायची, मधे होडी उठते का. उठली तर एक पायरी खाली. घाई नाही. चालायला मात्र पहिल्यापासून लागा.

त्या धुणीभांडीवाल्या बाईकडे परत येते. मी तिला हे सगळं शिकवलं, आणि पंधरा दिवसांनी विचारलं, करतेस का? ती म्हणाली, "ताई, कधी करू ते सांगा." पहाटे पाचला पाणी येतं, ते भरायचं. मग दोन मुलं, डबे, पाच घरं, संध्याकाळी परत चूल. चटई अंथरून वीस मिनिटं आडवं पडायचं म्हणजे घरातल्या चार माणसांनी येता-जाता बघायचं. मला माझीच लाज वाटली. नॉर्वेच्या त्या अभ्यासात जड वजन उचलण्याचा मुद्दाही होता. आठवड्यातून वीस किंवा अधिक वेळा जड उचलणाऱ्या बायकांमध्ये वर्षानंतरही फट राहण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. वीस वेळा, आठवड्यातून! ही बाई वीस बादल्या एका सकाळी उचलत होती. २०१७ साली कायद्यात बदल होऊन पगारी बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली, ती कंपन्या-कार्यालयांत नोकरी करणाऱ्यांसाठी. हिने रजा घेतली होती बावीस दिवसांची, तीही दोन घरांनी पगार कापून.

मग आम्ही व्यायाम तिच्या कामातच बसवला. बादली उचलण्याआधी श्वास घ्यायचा, उचलताना सोडत ओटीपोट आत. काठोकाठ भरलेल्या एका बादलीऐवजी अर्ध्या दोन. बादली पायांजवळ ओढून घ्यायची, गुडघ्यात वाकायचं. फरशी बसून पुसताना हातागुडघ्यांवर यायचंच असतं, तिथे दहा वेळा तो आवळण्याचा व्यायाम. रात्री मुलाला पाजताना कुशीवर झोपूनच पाच-सहा श्वास. आठ महिने लागले. चार बोटांची फट अडीचवर आली, तळ घट्ट झाला. पोट पहिल्यासारखं सपाट झालं का? नाही झालं, आणि मी तिला तसं वचन दिलंही नव्हतं. पण खाटेवरून उठताना हात धरावा लागेना, संध्याकाळी पोट फुगून जड होई ते थांबलं. आणि सासूला मी एकदा घरी बोलावून तिचं स्वतःचं पोट तपासून दाखवलं. तिलाही तीन बोटांची फट होती. तीस वर्षांची. सुनेकडे बघणं त्यानंतर थांबलं म्हणे.

आता एक कबुली. माझ्या त्या २००४ च्या अनुभवानंतर मी कित्येक वर्षं माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत आले, डोकं उचलण्याचे व्यायाम आयुष्यात करू नका, फट वाढेल. ठामपणे सांगत आले, भिंतीवर लिहूनही लावलं होतं. तो कागद मी काढून टाकला. २०१६ साली आलेल्या एका संशोधनात दिसलं, की डोकं उचलताना दोन्ही स्नायू उलट जवळ येतात, फक्त मधली शिवण सैल असल्याने ती वाकडीतिकडी होते. आतला आडवा स्नायू आधी आवळला तर अंतर थोडं वाढतं, पण शिवण ताठ राहते. पुढे २०२३ साली नॉर्वेत सत्तर बायकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. फट असलेल्या, बाळंतपणाला सहा महिने ते वर्ष झालेल्या बायकांनी बारा आठवडे डोकं-खांदे उचलण्याचे व्यायाम केले. फट वाढली नाही. कमीही झाली नाही, पण पोटात ताकद आली. म्हणजे हे व्यायाम पहिल्या महिन्यांत, होडी उठत असताना, पन्नास-पन्नास काढू नयेत, एवढं माझं आजही मत आहे. पण कायमची बंदी घालून मी किती जणींना वाकायला, उचलायला, नाचायला घाबरवून ठेवलं, कोण जाणे. एकीने तर माझ्यामुळे दोन वर्षं मुलाला कडेवर घेतलं नव्हतं.

कंबरदुखीचंही तसंच. फट आहे म्हणून कंबर दुखते, असं आम्ही सरळ सांगून टाकायचो. नॉर्वेच्याच अभ्यासात फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. म्हणून कंबर दुखत असेल तर कंबरेचीही नीट तपासणी करून घ्या, सगळा दोष पोटावर टाकून मोकळं होऊ नका.

काही गोष्टी मात्र व्यायामाच्या आवाक्याबाहेरच्या. बेंबीपाशी किंवा मधल्या रेघेवर लिंबाएवढा गोळा बाहेर येत असेल, तर तो हर्निया असू शकतो. शिवणीत खरंच भोक पडून आतला भाग बाहेर डोकावतो. तो शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवा. आणि तो गोळा कडक झाला, आत जाईना, फार दुखू लागला, रंग बदलला, उलट्या होऊ लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका, त्या घटकेला रुग्णालय गाठा. नुसत्या फटीसाठीही शस्त्रक्रिया असते, दोन्ही स्नायू टाके घालून जवळ आणतात. पण ती सहसा पुढे मूल नको असेल तेव्हा, आणि किमान सहा महिने ते वर्षभर व्यायाम करून पाहिल्यावरच. खर्चिकही आहे.

हर्नियावरून आईची आठवण निघाली. आम्ही चार भावंडं. माहेर सातारा जिल्ह्यातलं, नळ नव्हता, आडाचं पाणी. बाळंतपणाचा सव्वा महिना झाला की आई डोक्यावर एक आणि कमरेवर एक कळशी घेऊन खेपा घालायची. तिचं पोट कायम पुढे. आम्हा मुलांना वाटे आईचं पोट असंच असतं. खाटेवरून उठताना ती खिडकीचा गज धरायची, तो गज तिच्या हाताने गुळगुळीत झाला होता. बेंबीशी गोळा होता, तोही आम्ही लहानपणापासून पाहिलेला. २००९ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एका रात्री तो गोळा आत जाईना. पहाटे शस्त्रक्रिया झाली, जाळी बसवली. सर्जन बाहेर येऊन मला म्हणाले, "तुम्ही फिजिओथेरपिस्ट ना? आईंचे स्नायू चार बोटं लांब आहेत, किती वर्षांपासून?" मला सांगता येईना. तोपर्यंत मी शेकडो बायकांच्या पोटाला हात लावला होता. आईच्या लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला उठवायचं होतं. मी म्हटलं, "आई, गज नको. कुशीवर वळ. पाय खाली सोड. आता हाताने रेट." ती उठून बसली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं सोपं होतं होय? मग आधी का नाही सांगितलंस गं?"

आता ती ऐंशीच्या पुढे आहे. गावात कुणाची सून बाळंत झाली की काठी टेकत जाते, खाटेपाशी बसते, आणि कुशीवर कसं वळायचं ते त्या मुलीला स्वतः आडवी होऊन दाखवते. पोट बांधायचं फडकंही तीच घेऊन जाते. मी म्हटलं, फार घट्ट बांधू नकोस. तर म्हणते, "ते मला कळतं."